बेळगाववर बेळगाव: जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायला मॅप वॉर्पर की क्यूजीआयएस?

एकच शीट, म्हणजे नकाशाचा एकच कागद, असेल, हाताशी एक संध्याकाळ असेल आणि काम शाळेच्या प्रदर्शनापुरते असेल, तर मॅप वॉर्पर हे संकेतस्थळ पुरे. पण बेळगावला खेटलेल्या शहापूरची संस्थानी हद्द आज कोणत्या गल्लीतून जाते, हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेले गाव नेमके कुठे होते, असे प्रश्न असतील तर क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-सॉफ्टवेअरला पर्याय नाही. दोन्ही साधने फुकट आहेत. किंमत मोजावी लागते ती वेळात, आणि बेळगावच्या बाबतीत हा वेळ सॉफ्टवेअर शिकण्यात कमी, योग्य शीट शोधण्यात आणि योग्य खुणा निवडण्यात जास्त जातो.

आधी शीटचे बघू. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत बेळगाव ४८ आय या डिग्री शीटमध्ये (एक अंश लांब, एक अंश रुंद भागाच्या) येते. गंमत अशी की ७४ अंश ३० मिनिटांची रेखावृत्ताची रेघ शहराच्या अंगावरूनच जाते. त्यामुळे पंधरा मिनिटांच्या शीटांत पश्चिमेकडचे बेळगाव ४८ आय/५ वर आणि किल्ल्यासह पूर्वेकडचे ४८ आय/९ वर पडते. एकच शीट आणून काम सुरू केले की निम्मे गाव हातातून निसटते. खानापूर ४८ आय/१० वर, निपाणी ४७ एल/७ वर, चिक्कोडी ४७ एल/११ वर आणि हिडकल धरणाचा परिसर ४७ एल/१२ वर. हे क्रमांक लिहून ठेवा, कारण ग्रंथालयाच्या यादीत शोधताना ‘बेळगाव’ या नावापेक्षा क्रमांकाने शीट लवकर सापडते. शिवाय जुन्या यादीत स्पेलिंगचा भरवसा नाही. चिक्कोडी कुठे ‘चिकोडी’ होते, कुठे ‘चिकोरी’.

घरबसल्या सर्वांत सहज मिळते ती अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाची यू५०२ मालिका. १९५० च्या दशकातली, १:२,५०,००० प्रमाणाची. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाने तिचे स्कॅन खुले ठेवले आहेत. या मालिकेत १६ अंश अक्षांशाला शीट बदलते: बेळगाव शहर एनडी ४३-२ वर, तर हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी एनई ४३-१४ वर. अथणी ७५ अंशांच्या जराशी पलीकडे असल्याने एनई ४३-१५ वर ढकलली गेली आहे. या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. गल्ल्या शोधायला तो उपयोगाचा नाही, पण धरणांच्या आधीचे रस्ते, गावे आणि नद्या बघायला उत्तम.

जुने हवे असेल तर मुंबई गॅझेटिअरचा बेळगावचा २१ वा खंड, १८८४ चा. त्यातला जिल्ह्याचा नकाशा घडीचा असतो. पुस्तकाच्या स्कॅनमध्ये अशी घडी बऱ्याचदा उघडलेलीच नसते आणि पडद्यावर नुसती कागदाची पाठ दिसते. फाइल उतरवण्यापूर्वी ते पान तपासा. या काळातल्या नकाशावर मिरज–लोंढा लोहमार्ग शोधत बसू नका. तो १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. हद्दींचेही तसेच. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या जिल्हा नकाशावर चंदगड बेळगाव जिल्ह्यातच असते, आणि १९४९ पूर्वीच्या नकाशावर रायबाग कोल्हापूर संस्थानच्या रंगात. नकाशा चुकला असे समजून तो ‘दुरुस्त’ करणारे भेटतात, म्हणून सांगितले.

भारतात सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. बसवलेला नकाशा जाहीर ठेवायचा असेल तर हा हिशेब आधी करावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या आजच्या ओपन सीरीज शीटा त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या शीटच्या शेजारी ठेवायला त्या चांगल्या, पण संरक्षणदृष्ट्या संवेदनशील ठिकाणे त्यांवर दाखवत नाहीत, हे कॅम्प (लष्करी छावणी) भागात काम करताना ध्यानात असू द्या.

आता मॅप वॉर्पर. ब्राउझरमध्ये चालते, संगणकावर काही घालावे लागत नाही. नकाशाची प्रतिमा चढवायची. मग डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे ओपनस्ट्रीटमॅप. दोन्हीकडे एकाच ठिकाणावर टिचकी मारून कंट्रोल पॉइंट जोडायचा. तीन जोड्या झाल्या की नकाशा ताणता येतो. तयार झालेला नकाशा जिओटिफ (जागेची नोंद असलेली प्रतिमा), केएमएल (गूगल अर्थची फाइल) किंवा टाइल्सच्या (नकाशाच्या छोट्या चौकोनी तुकड्यांच्या) स्वरूपात बाहेर काढता येतो, आणि ही सोय खरोखर चांगली आहे: केएमएल फाइल गूगल अर्थमध्ये उघडली की पारदर्शकतेची पट्टी सरकवून जुने-नवे बघता येते. समासाचा कागद कापून टाकायची सोयही आहे. एवढ्यासाठी कुणाला क्यूजीआयएस शिकवत बसायची गरज नाही.

अडचण दुसरीकडे आहे. मॅप वॉर्पर प्रत्येक बिंदू आजच्या डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरते त्या) पद्धतीतलाच धरते. सर्व्हेच्या जुन्या शीटा एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या तेव्हा मानलेल्या आकारावर) आणि कल्याणपूरच्या आरंभबिंदूवर बेतलेल्या आहेत. शीटच्या कोपऱ्यावर ७४ अंश ३० मिनिटे, १५ अंश ४५ मिनिटे असे छापलेले दिसते. ते आकडे तसेच्या तसे कंट्रोल पॉइंटच्या टेबलात टाकले की कोपरे सुबक जुळतात, चूक शून्याजवळ दिसते, आणि अख्खे बेळगाव शंभर-दीडशे मीटर सरकलेले असते. कॅम्पमधला रस्ता शेजारच्या बंगल्यावरून जाऊ लागतो. नवख्यांकडून होणारी ही पहिली चूक, आणि ‘जुने इंग्रज सर्वेअर चुकले’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा इथूनच निघतो. मॅप वॉर्परमध्ये शीटच्या कोपऱ्यांना हात लावू नये. जमिनीवरच्या खुणांवरच टिचक्या माराव्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपूर्वीच्या नकाशांवर आणखी एक भानगड असते. त्या वेळी भारतातली रेखावृत्ते मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर मोजली जात आणि त्या मूल्यात जवळपास अडीच मिनिटांची चूक होती. बेळगावच्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे साडेचार किलोमीटरच्या आसपास. एवढ्या फरकाने किल्ला पूर्वेला सांबऱ्याच्या दिशेने चालू लागतो. १८८४ च्या नकाशाच्या चौकटीवरचे आकडे म्हणूनच फक्त वाचायचे, वापरायचे नाहीत.

क्यूजीआयएसमध्ये हा प्रश्न नीट सुटतो. जिओरेफरन्सर, म्हणजे नकाशा बसवायचे साधन, ३.२६ आवृत्तीपासून ‘लेयर’ मेनूमध्ये आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘रास्टर’मध्ये. विसाव्या शतकातल्या सर्व्हे शीटला चौकटीच्या रेघांच्या छेदांवर बिंदू द्यायचे, पण लक्ष्य पद्धत म्हणून ईपीएसजी:४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, निवडायची (ईपीएसजी म्हणजे अशा पद्धतींना दिलेले क्रमांक). यू५०२ च्या शीटवर १०,००० मीटरच्या यूटीएम ग्रीडच्या रेघा असतात; त्यांना ईपीएसजी:२४३४३. मग शीट आजच्या नकाशाच्या वर आणताना क्यूजीआयएस कोणते रूपांतर वापरायचे ते विचारते. यादीत २९५, ७३६, २५७ मीटर हे तीन आकडे असलेले भारतासाठीचे रूपांतर घ्या. ते १०-१५ मीटरपर्यंत अचूक आहे, त्याहून बारीक अपेक्षा ठेवू नये. खिडकी विचारतेय म्हणून घाईत ‘ओके’ दाबले आणि ‘रूपांतर नाही’ हा पर्याय गेला, की पुन्हा तेच दीडशे मीटर.

एवढे झाल्यावर जमिनीवरच्या तीन-चार खुणांनी पडताळा घ्यायचा. या खुणा बिंदूंमध्ये धरायच्या नाहीत, वेगळ्या ठेवायच्या. बिंदूंवरची चूक कमी दिसणे आणि नकाशा बरोबर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताणण्याची पद्धत कोणती घ्यावी यावर बरेच जण अडखळतात. जुना कागद आडवा आणि उभा सारखा आकसत नाही. हेल्मर्ट पद्धत दोन्ही दिशांना एकच प्रमाण धरते, म्हणून ती कागदी शीटला कमी पडते. पहिल्या घाताची पॉलिनोमियल पद्धत आडवे-उभे प्रमाण वेगळे घेते. चांगल्या सपाट स्कॅनला हीच वापरा. दुसऱ्या घाताला किमान ६ आणि तिसऱ्याला १० बिंदू लागतात, आणि बिंदू नाहीत त्या कोपऱ्यात नकाशा पापडासारखा वळतो. मोबाइलने वाकडा फोटो काढला असेल तर प्रोजेक्टिव्ह. थिन प्लेट स्प्लाइन सर्वांना आवडते, कारण ती प्रत्येक बिंदूवर चूक शून्य दाखवते. ती शून्य दाखवणारच! प्रत्येक बिंदू जिथे दिला तिथे खेचून बसवणे हेच तिचे काम आहे. एखादा बिंदू चुकून शेजारच्या चौकात दिला असेल तर तिथली गल्ली रबरासारखी ताणली जाईल आणि चूक दाखवणारा आकडा मात्र शून्यच राहील.

स्प्लाइनचा खरा उपयोग एका जागी होतो. एकोणिसाव्या शतकातले बरेच नकाशे तुकडे करून कापडावर चिकटवलेले असतात, घडीवर फाटू नयेत म्हणून. तुकड्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट असली तरी एक इंची (एक इंचाला एक मैल) शीटवर ती जमिनीवरचे सव्वाशे मीटर होते, आणि अशा चार फटी ओलांडल्या की अर्धा किलोमीटर. यावर सर्वांत भरवशाचा उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक तुकडा वेगळा कापून वेगळा बसवायचा. तेवढा धीर नसेल तर प्रत्येक तुकड्यावर किमान चार बिंदू देऊन स्प्लाइन.

स्कॅन ३०० डीपीआयचा घ्या. एक इंची म्हणजे १:६३,३६० च्या शीटवर एक पिक्सेल मग सुमारे ५.४ मीटरचा होतो आणि यू५०२ वर २१ मीटरचा. चूक पिक्सेलमध्ये दिसत असेल तर या आकड्याने गुणून मीटर काढा. नकाशावर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चूक चालते असा हिशेब धरला, तर एक इंची शीटला ३२ मीटर आणि यू५०२ ला १२५ मीटर. त्याहून कमी आले तर आनंद; त्याहून फार कमी आले तर बिंदू पुन्हा तपासा. झेरॉक्सच्या दुकानातला मोठा स्कॅनर कागद रुळांतून ओढतो. ठिसूळ नकाशा त्यात घालू नका. सपाट टेबलावर ठेवून, वर काच टाकून, सावलीत फोटो काढलेला परवडला.

खुणांबद्दल. शहराच्या मोठ्या प्रमाणाच्या जुन्या प्लॅनला किल्ल्याइतका चांगला आधार नाही. खंदकाची आतली कड, बुरुजांचे कोपरे, आत १२०४ ची कमल बस्ती आणि सफा मशीद. मात्र सगळे बिंदू किल्ल्यातच देऊन भागत नाही. तसे केले की टिळकवाडीपर्यंत पोचेतो नकाशा भरकटतो. कॅम्पमधले सेंट मेरीज चर्च, दक्षिणेला कपिलेश्वर मंदिर, रेल्वेची पहिली, दुसरी आणि तिसरी गेटे जिथे जुना रस्ता रूळ ओलांडतो, आणि खालच्या बाजूला शहापूरमधला एखादा जुना देऊळवाडा असे चारही अंगांना पसरवून १२ ते १५ बिंदू घ्या. प्लॅन १९२४ नंतरचा आणि पुरेसा मोठा असेल तर काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीची काँग्रेस विहीर ही नेमकी खूण आहे. विहीर सहसा जागा बदलत नाही.

रेल्वेवर डोळे झाकून विसंबू नका. मार्ग मूळचा मीटर गेज. गेज बदलताना आणि पुढे दुसरा रूळ टाकताना मध्यरेषा काही मीटर सरकू शकते, स्टेशनच्या आवारात तर जास्तच. एक इंची शीटला त्याने फरक पडत नाही, मोठ्या प्लॅनला पडतो.

टाळायच्या खुणा म्हणजे कोटेकेरेचा काठ, बळ्ळारी नाल्याची वळणे आणि सर्कल. तलावाची कड मोसमाप्रमाणे आणि भरावाप्रमाणे हलते. सर्कलचा मध्य वाहतुकीच्या सोयीने हलतो. जुन्या पेठेत, गणपत गल्ली-खडेबाजारच्या बाजूला, दोन गल्ल्यांच्या मध्यरेषा जिथे छेदतात तिथे बिंदू द्यावा. एका बाजूनेच रुंदीकरण झाले असेल तर हा मध्यही सरकतो, म्हणून पेठेतले बिंदू जोडीने घ्या आणि जो एकटाच वेगळे बोलतो त्याला काढा. बळ्ळारी नाला बिंदू म्हणून वाईट असला तरी निष्कर्ष म्हणून फार मोलाचा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात जुनी वळणे आज कुठल्या पिकाखाली किंवा कुठल्या लेआउटखाली आहेत ते बसवलेल्या शीटवर स्वच्छ दिसते. फक्त त्याची रुंदी मोजू नका; एक इंची शीटवर नाला ही नुसती रेघ असते.

शहापूरचा प्रश्न याहून रंजक आहे. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीकरांचे आणि बेळगाव इंग्रजांचे. त्या काळच्या नकाशांवर दोन्ही गावे एकमेकांना खेटून, पण वेगळ्या रंगपट्टीत दिसतात. ही रंगपट्टी हाताने भरलेली असेल तर ती खरी हद्द नव्हे. खरी हद्द तिच्या कडेची तुटक रेघ. पट्टीची जाडी दोन मिलिमीटर धरली तर एक इंची शीटवर ती सव्वाशे मीटर होते, म्हणजे अख्खी एक गल्ली गिळते.

हिडकलसाठी मात्र यू५०२ ची एनई ४३-१४ शीट हाच सर्वांत सोपा आणि सर्वांत समाधान देणारा प्रयोग आहे. धरण १९७० च्या दशकात पूर्ण झाले, शीट त्याआधीची. बिंदू पाण्यापासून दूर द्या: घटप्रभा स्टेशनजवळचा नदीवरचा रेल्वे पूल, पाच्छापूर, हुक्केरीचा रस्त्यांचा छेद, संकेश्वर, यमकनमर्डी. मग कोपर्निकस ब्राउझरवरून सेंटिनेल-२ उपग्रहाची मे महिन्यातली ढग नसलेली प्रतिमा उतरवा. तिचा पिक्सेल १० मीटरचा असतो. जूनमधली घेऊ नका. ढग असतात आणि पाणी चढू लागलेले असते. मेमध्ये पाणी उतरले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते, तोच तुमचा पडताळ्याचा बिंदू. जुन्या नकाशावरचा रस्ता पाण्याच्या कडेला येऊन थांबतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. शीटवर गाव दोन-तीन मिलिमीटरचे असल्याने गावाची जागा सापडते, घरांची नाही.

गावनकाशांसाठी वेगळी वाट आहे. कर्नाटकच्या भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर गावांचे महसूल नकाशे पीडीएफमध्ये मिळतात, नावे कन्नडमध्ये. प्रमाण १:७,९२०, म्हणजे आठ इंचाला एक मैल. यांवर अक्षांश-रेखांश नसतातच. ३३ फुटी साखळीने मोजलेली ही परंपरा. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा. बिंदू म्हणून तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुनी विहीर, देऊळ आणि गावठाणातला चौक वापरा. सर्व्हे नंबर कुठे आहे एवढेच बघायचे असेल तर ही खटपट करू नका. दिशांक ॲप तेच काम फोनवर करते. आणि नकाशा कितीही सुरेख बसला तरी बांधाच्या भांडणात त्याचा प्रिंट घेऊन जाऊ नका. तिथे खात्याची मोजणीच चालते.

क्यूजीआयएसमधल्या दोन बारक्या गोष्टी. काळी किनार घालवण्यासाठी शून्य मूल्य पारदर्शक करण्याचा पर्याय असतो. तो लावला की किनारीबरोबर नकाशावरची अगदी काळी अक्षरेही मधूनमधून भोके पडल्यासारखी दिसतात. त्याऐवजी समास आधीच कापून घ्यावा. दुसरी, पारदर्शकता ५० टक्क्यांवर ठेवण्याऐवजी लेयरच्या गुणधर्मांत ब्लेंडिंग ‘मल्टिप्लाय’ करावे. कागदाचा पांढरा भाग नाहीसा होतो आणि जुन्या रेघा उपग्रहचित्रावर शाईसारख्या उमटतात. मॅपस्वाइप प्लगइन घातले तर माउस सरकवून पडदा बाजूला केल्यासारखे जुने-नवे बघता येते. बिंदूंची .पॉइंट्स फाइल जपून ठेवा. स्कॅन बदलला नाही तर पुढची दुरुस्ती पाच मिनिटांत होते.

गल्लीत उभे राहून बघायचे असेल तर प्रकल्प क्यूफील्ड या फोनवरच्या ॲपमध्ये न्या किंवा एमबीटाइल्स (टाइल्सची एक फाइल) तयार करा. टाइल्स करताना झूम वाढवत नेऊ नये. एक इंची शीटला १५ वी पातळी पुरते, यू५०२ ला १३ वी. पुढच्या प्रत्येक पातळीला टाइल्सची संख्या चौपट होते आणि दिसते तेच, फक्त धूसर. मोकळ्या माळावर फोनची जागा ५ ते १० मीटरपर्यंत बरोबर असते. खडेबाजारात दोन्ही बाजूंना चार मजले असताना निळा ठिपका समोरच्या दुकानात गेला तर नकाशाला दोष देऊ नका, दोन मिनिटे थांबून पुन्हा बघा.